झाकणाच्या आतले थेंब

फॉर्मवरचा चौथा प्रश्न होता, ‘या भागात आपण पूर्वी कधी आला आहात का?’ तामायोने ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि पेन खाली ठेवलं. ज्या खोऱ्यात ती जन्मली, तेवीस वर्षं राहिली, जिथल्या बांधांच्या पायऱ्या तिच्या पायांना पाठ आहेत, तिथे म्हणे ती कधी आलेलीच नाही. खोटं लिहायची तिला हौस होती अशातला भाग नाही. पण ‘हो’ लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न होता, ‘कधी व कशासाठी?’ आणि उत्तराला दीड ओळीची जागा होती. दीड ओळीत काय लिहिणार, कपाळ?

सहल नगर कचेरीने काढली होती, तीही चाचणीची. शिकोकू बेटाच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात आता आठ घरं उरलीत, त्यातल्या पाच घरांत एकेकच माणूस. शहरातली माणसं दोन दिवस आणावीत, त्यांना हातकागदाचं काम करायला द्यावं, घरचं जेवण घालावं, त्यांनी चार पानांचा अभिप्राय लिहावा आणि जमलं तर दर हिवाळ्यात हे चालू ठेवावं, असं कचेरीच्या मनात होतं. अकरा जणांची नावं निघाली. त्यात ओसाकाहून तामायो एगुची, वय एकसष्ट.

जाहिरात तिने वाण्याच्या दुकानात पाहिली होती. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘खोऱ्यातल्या शेवटच्या कागद करणाऱ्या हात्सुएबाई यांच्या घरी मुक्काम. मार्चमध्ये त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार असल्याने ही संधी याच हिवाळ्यात.’ ती ओळ वाचून तामायो दुकानातच तांदळाच्या पोत्यावर बसली. दुकानदार पाणी घेऊन आला. हात्सुए तिची सख्खी थोरली बहीण होती, आणि अडतीस वर्षांत दोघींमध्ये एक शब्द झालेला नव्हता.

आता हे कसं झालं ते सांगायलाच हवं. घरात दोन मुली, मुलगा नाही. अशा घरात एकीने थांबायचं, नवरा घरात आणायचा आणि घराचं नाव नि कागदाचं काम दोन्ही पुढे चालवायचं, अशी रीत. थांबायची पाळी खरं तर थोरलीची. पण हात्सुएला किनाऱ्यावरच्या एका होडीवाल्यांच्या घरून मागणी आली, मुलगा तिच्या मनात भरला, आणि कागदाला हात म्हणाल तर तो धाकटीचा चांगला. तेव्हा उलटं ठरलं. तामायो आईवडिलांसमोर गुडघे टेकून ‘मी राहीन’ म्हणाली. आणि हात्सुएच्या लग्नाला सोळा दिवस उरले असताना एका सकाळी लाकडांच्या ट्रकमध्ये बसून खाली उतरली, ती गेलीच. चिठ्ठीत तीन शब्द, ‘मला शोधू नका.’ वडील दोन वर्षांत खचून गेले. घरात थांबायची पाळी परत हात्सुएवर आली. होडीवाल्यांनी वर्षभर वाट बघितली, मग दुसरी मुलगी केली. त्यांची तरी काय चूक?

का गेली, हे तामायोला आजही धड सांगता येत नाही. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पाणी फार गार होतं. जानेवारीच्या पाण्यात हात घालून उभं राहायचं, बोटं मेली की गरम पाण्याच्या भांड्यात बुडवायची, परत गार पाण्यात, आणि हे मरेपर्यंत. तिला वाटलं होतं, वर्षभर बाहेर राहून येऊ. वर्षाने तोंड दाखवायची लाज वाटली, दोन वर्षांनी जास्त वाटली. पुढे लग्न झालं, मोडलं, एगुची हे आडनाव तेवढं राहिलं, एका इस्पितळाच्या धोबीखान्यात नोकरी लागली. तिथेच खोऱ्यातली एक पेशंट बाई भेटली आणि तिच्याकडून कळलं की आई जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशी तामायोने चादरी घड्या घालायचं काम पूर्ण केलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. नंतर दोनदा ती बसने खोऱ्याच्या तोंडाशी आली. दोन्ही वेळा पुलावरून परत फिरली. कोणत्या तोंडाने जाणार? पण पाहुण्याला ‘का आलीस’ असं कुणी विचारत नाही. पाहुणा म्हणून तरी दारात उभं राहता येईल, आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावता येईल, आणि धीर झाला तर ताईचे पाय धरता येतील. मार्चनंतर ते दारही उरणार नव्हतं.

पूल ओलांडताना बसमध्ये सगळे फोटो काढत होते. तामायोने नाकावरचा मास्क वर ओढला आणि चपलांकडे बघत राहिली.

कागदाच्या झाडाच्या फांद्या वाफवायची शेड होती तिथेच होती. दगडी चुलीवर मोठा हंडा, त्यात फांद्यांच्या मोळ्या उभ्या केलेल्या आणि वरून पुरुषभर उंचीचं लाकडी पिंप उपडं घातलेलं. दारात हात्सुए उभी होती. कंबरेतून वाकलेली, केस पूर्ण पांढरे, डोक्याला रुमाल. तामायोच्या डोक्यात अठ्ठावीस वर्षांची ताई होती.

“लांबून आलात, दमला असाल,” हात्सुए सगळ्यांना मिळून वाकून म्हणाली. “घर जुनं आहे, गैरसोय होईल, सांभाळून घ्या.”

तिचे डोळे अकरा चेहऱ्यांवरून फिरले. तामायोवरून फिरले आणि पुढे गेले.

शेजारची योनेबाई चुलीपाशी बसलेली होती. वय ब्याऐंशी, जिभेला हाड नाही. “आले का फुकटचे मजूर?” ती म्हणाली. “बसा बसा. थंडी वाजली तर काम करा, काम नको असेल तर रताळी खा.”

“योनेबाई, असं नका ना बोलू,” कचेरीतली चिहारु कळवळून म्हणाली. सहल तिच्या डोक्यातून निघालेली. पाहुणे यायला लागले तर हात्सुएबाई वृद्धाश्रमाचा विचार सोडतील, अशी बिचारीला आशा होती. पोरगी चांगली होती, पण आशेवर जरा जास्तच जगायची.

पिंप उचललं तशी वाफ छताला भिडली आणि रताळ्याचा गोड वास सुटला. मोळ्यांबरोबर रताळी वाफवायची इथली पद्धतच. फांदी गरम असेपर्यंत साल निघते, गार झाली की बसते चिकटून, त्यामुळे सगळ्यांनी गोल बसून भराभर सोलायचं. पाहुण्यांची त्रेधा उडाली. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले हिगाकी मास्तर एका फांदीशी इतका वेळ खेळत बसले की योनेबाईला राहवेना.

“मास्तर, साल काढताय की तिची समजूत काढताय?”

सगळे हसले. मास्तरही हसले. तामायोने फांदी हातात घेतली आणि मुद्दाम मधूनच ओरबाडली. साल तुकड्यातुकड्यांनी निघाली. हिच्या हाताला खोऱ्यात तोड नव्हती एके काळी, आणि आता ती काही येत नसल्याचं सोंग करत होती. ओरबाडताना तिला स्वतःचीच किळस आली.

“ह्या बाईंनी तर जन्मात रताळंही सोललं नसेल,” योनेबाई म्हणाली.

हात्सुए उठून आली आणि तामायोसमोर उकिडवी बसली. “पाहुण्याबाई, असं बघा. बुडखा धरायचा, एकदा पिळायचा, साल सुटली की एका दमात ओढायची.” बोलता बोलता तिने तामायोच्या हातावर हात ठेवून फांदी पिळली. हात खरखरीत होता, नखं चिरलेली होती. तामायोच्या तोंडाशी ‘ताई’ आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण हात्सुए वर न बघता म्हणाली, “जमेल हळूहळू, घाई नाही,” आणि पुढच्या पाहुण्याकडे सरकली. इतकी गोड बोलली की तामायोला रडू फुटायचंच बाकी राहिलं. ताई घरच्यांशी अशी कधी बोलत नसे. घरच्यांना ती शिव्या घालायची.

“एवढ्या घरात हात्सुएबाई एकट्याच?” हात्सुए लाकडं आणायला गेली तेव्हा मास्तरांनी योनेबाईला विचारलं.

आणि योनेबाईने सगळं सांगितलं. कुणी थांबवलं नाही. होडीवाला, सोळा दिवस, ट्रक, चिठ्ठी, सगळं. “लग्नाचा किमोनो शिवून तयार होता. तो तिने फाडला नाही की विकला नाही, घडी घालून ठेवला. मी म्हटलं, अगं एकदा तरी शिव्या दे त्या कार्टीला, हलकं वाटेल. तर ही म्हणते, समोर नसलेल्या माणसाला शिव्या काय द्यायच्या.” योनेबाईने फांदी फेकली. “मला भेटली ना ती धाकटी, तर मी देईन. मला काही वाटायचं नाही.”

पाहुणे चुकचुकले. एक बाई म्हणाली, “कसं करवतं हो एकेकाला.” तामायो मान खाली घालून सोलत राहिली.

संध्याकाळी घरात गेल्यावर चिहारु म्हणाली, “आधी घरच्या पितरांना नमस्कार करू या, मग जेवण.” अकरा जण देव्हाऱ्यासमोर रांगेत बसले. तामायो सातवी. यासाठी ती आली होती. आठ रात्री तिने शब्द जुळवले होते, आईला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तिची पाळी आली, ती पुढे सरकली, उदबत्ती पेटवली, वर बघितलं आणि फोटोतली बाई तिला ओळखू येईना.

गाल बसलेली, डोळे बारीक झालेले, कोण ही म्हातारी? तामायोची आई पंचावन्न वर्षांची होती, दोन्ही खांद्यांवर मोळ्या घेऊन चढ चढायची. आई म्हातारी होत गेली ते तामायोने पाहिलंच नव्हतं. जुळवलेले शब्द ज्या आईसाठी होते ती फोटोत नव्हतीच. मागे हिगाकी मास्तरांनी घसा खाकरला. तामायोने इतरांसारखे हात जोडले, इतरांसारखी मान लववली आणि बाजूला झाली. झालं तेवढंच. अडतीस वर्षांनी आईला भेटली आणि अनोळखी बाईसारखी उठून आली.

तिथून ती सरळ निघून गेली असती. पण डोंगरात हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो आणि शेवटची बस चारला.

जेवणाला मोठ्या खोलीत पायांची छोटी ताटं ओळीने मांडलेली होती. युझू लिंबाचा रस घातलेला भात, कोन्याकू कंदाच्या वड्या, मुळ्याचं लोणचं, झाकण घातलेल्या वाडग्यात मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं सार. चिहारुने माणसं मोजली, ताटं मोजली, परत मोजली. पाहुणे अकरा, ती बारावी. हात्सुएबाई स्वयंपाकघरात जेवणार. ताटं तेरा होती. तेरावं ताट ओळीच्या टोकाला, देव्हाऱ्याच्या बाजूला, नेमकं तामायोच्या शेजारी होतं.

“हात्सुएबाई, माझाच काही गोंधळ झाला का? एक जास्त झालंय.”

“जास्त नाही,” हात्सुए दारातून म्हणाली. “परगावी गेलेल्या माणसाचं आहे. आमच्या घरात वाढतात.” आणि ती भाताचं पातेलं आणायला आत गेली.

खोऱ्यात ही रीत जुनी. घरचं माणूस लांब गेलं की त्याचं ताट घरी वाढत राहायचं, म्हणजे ते जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. मेलेल्या माणसाचं नव्हे, फक्त जिवंत माणसाचं वाढायचं. तामायोच्या लहानपणी वडील टूना पकडायच्या बोटीवर दहा-दहा महिने जायचे, तेव्हा त्यांचं ताट असंच असे. जेवणं झाली की साराच्या वाडग्याचं झाकण उचलून आतून बघायचं. थेंब जमलेले असले की माणूस खुशाल. कोरडं असलं की काळजी. हे बघायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं, म्हणजे तामायोचं. आणि बघून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

परगावी गेलेलं या घरात दुसरं होतं कोण? तामायो खाली बघून भात नुसता चिवडत राहिली. शेजारचं ताट तिच्याकडे बघत नव्हतं, ताटाला कुठे डोळे असतात, पण ती त्याच्याकडे वळूनही बघू शकत नव्हती.

जेवणं उरकली. मास्तरांना थोडी चढली होती, ते एका तरुण जोडप्याला कवायतीचे प्रकार समजावत होते. चिहारु रिकामी ताटं गोळा करत म्हणाली, “एगुचीकाकू, ते शेवटचं जरा इकडे देता?”

तामायोने ताट ओढलं. आणि मग जे झालं ते तिने केलं असं म्हणता येणार नाही, हातांनी केलं. डाव्या हाताने वाडगं धरलं, उजव्याने झाकण उचललं, दिव्याकडे वळवून आतून पाहिलं. झाकण थेंबांनी भरलं होतं.

“खुशाल आहे,” ती म्हणाली. लहानपणी म्हणायची तसंच, मोठ्याने.

मास्तर बोलायचे थांबले. “कोण खुशाल आहे?”

तामायोने दाराकडे पाहिलं. हात्सुए पातेलं हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती. तिचा चेहरा हलला नाही. ती पुढे आली, तामायोच्या हातातून ताट घेतलं, “पाहुण्यांनी कशाला त्रास घ्यायचा,” म्हणाली आणि निघून गेली. त्या संध्याकाळी ती पुन्हा बाहेर आलीच नाही. अंथरुणं चिहारुने घातली.

तामायोने कूस बदलत रात्र काढली. भिंतीपलीकडे ताईचं खोकणं ऐकू येत होतं. दोनदा ती उठून बसली, दोनदा परत पडली. ताईला कळलं होतं, यात शंका नव्हती. मग ती येत का नाही? येऊन झिंज्या का धरत नाही?

सकाळी ती सगळ्यांच्या आधी मोठ्या खोलीत गेली. ताटं मांडलेली होती. तिने मोजली. बारा. परत मोजली. देव्हाऱ्याच्या बाजूची जागा रिकामी होती, चटईवर ताटाच्या चार पायांचे जुने ठसे तेवढे होते.

“आज बरोबर आहेत हं ताटं,” चिहारु मागून आनंदाने म्हणाली.

जिवंत माणसाचं ताट वाढतात. बंद केलं म्हणजे काय, हे तामायोला कुणी समजावायची गरज नव्हती. अडतीस वर्षं जे मोडलं नाही ते ताईने तिला बघितल्यावर मोडलं. लांब होती तोवर ती या घराची होती, आणि समोर आली तशी मेली. ती आपल्या ताटासमोर बसली पण एक शीत उचललं नाही. सगळे उठले, साडेनऊला बाकीचे योनेबाईबरोबर कागदाची शेड बघायला गेले. दहाला बस होती. तामायो पिशवी घेऊन दाराशी आली, चपला घातल्या, परत काढल्या, आणि अनवाणी मागच्या स्वयंपाकघरात गेली. आता जायचंच होतं तर निदान तिच्या तोंडून ऐकून जावं.

हात्सुए भांडी घासत होती.

“पाहुण्यांनी स्वयंपाकघरात यायचं नसतं,” ती पाठ न वळवता म्हणाली.

“ताई.”

भांड्याचा आवाज थांबला नाही.

“ताई, आज ताट का नाही वाढलंस?”

“कुणाचं?”

“माझं.”

“वाढलं होतं की.” हात्सुएने कढई आपटली. “रांगेत होतं, पाचवं. तू हात लावला नाहीस त्याला. सगळं तसंच्या तसं परत आलंय. काल झाकण उचललंस तेव्हाच ओळखलं तुला. माणूस समोर बसलेलं असताना त्याचं परगावचं ताट वाढायला मला काय वेड लागलंय?”

तामायो मातीच्या जमिनीवर बसली.

“मग काल बोलली का नाहीस?”

हात्सुए वळली. “मी बोलायचं? मी? तू तोंडाला फडकं बांधून, माझ्या घरात पाहुणी म्हणून शिरायचं, माझ्यासमोर फांद्यांची लक्तरं करायची, आणि वर बोलायचं मी?” तिचा आवाज चिरकला. “आणि काय ते ओरबाडणं. आईने बघितलं असतं तर फांदी डोक्यात घातली असती.”

“आई कशी गेली?”

“बघ आता विचारतेस.” हात्सुएने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले, पुसतच राहिली. “एकवीस वर्षं ती रोज दोन वेळा तुझं ताट वाढायची. आणि लबाडी करायची, ठाऊक आहे? सार उकळतं ओतायची, चुलीवरून थेट, आणि लगेच झाकण. थेंब येणारच. मी एकदा म्हटलं, आई, हे काय? तर म्हणाली, गप्प बस. एक दिवससुद्धा तिने तुला मरू दिलं नाही. जाताना मला काय सांगितलं? माझं कर, औषध दे, काही नाही. तामाचं ताट मोडू नको, म्हणाली. माझ्याबद्दल एक शब्द नाही.”

तामायो जमिनीला कपाळ टेकवून रडत होती.

“रडू नकोस, ऐक. सगळं ऐकूनच जा. आई गेली त्या हिवाळ्यात मी गार सार वाढायला लागले. मुद्दाम. सात दिवस झाकण कोरडं. मला वाटलं, मेली, सुटले. रोज झाकण बघून बरं वाटायचं आणि रोज झोप यायची नाही. सातव्या दिवशी अंगणात बर्फ पडत होता, मी अर्ध्या जेवणावरून उठले, ते गार सार ओतून दिलं, उकळतं आणलं आणि झाकणावर हात दाबून बसले. हा बघ भाजल्याचा डाग.” तिने तळवा पुढे केला, मग लगेच मागे घेतला. “तेव्हापासून सतरा वर्षं उकळतंच वाढतेय. तुझा इतका राग करते मी, आणि तुला मरूही देता येत नाही. याला काय म्हणायचं सांग?”

“मला क्षमा कर, ताई.”

“नाही.” हात्सुए शांतपणे म्हणाली. “माझ्याजवळ नाही ती. असती तर दिली असती, मला काय ती साठवून ठेवायचीय? ऊठ. जमीन गार आहे.”

तामायो उठली. बाहेर बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. ती दाराकडे वळली.

“कुठे निघालीस? बस तिथे.”

हात्सुएने पातेलं चुलीवर ठेवलं, सार उकळवलं, वाडग्यात ओतलं. भात वाढला, लोणचं ठेवलं. ताट तामायोसमोर सरकवून ती स्वतः पलीकडे गुडघे मोडून बसली.

“जेव. माझ्यासमोर जेव. अडतीस वर्षं हे ताट भरलेलं जातं आणि भरलेलंच परत येतं. तुझं गार झालेलं आधी आम्ही दोघी वाटून खायचो, मग मी एकटी. तुझं उष्टं नाही, तुझं न खाल्लेलं खाऊन मी म्हातारी झाले. आज तू खा.”

तामायोने काड्या उचलल्या. भात खाली सांडत होता.

“सांडू नकोस. दोन्ही हातांनी धर वाडगं. नीट चाव.”

ती खात होती. डोळ्यांतलं पाणी सारात पडत होतं आणि ती तेही पीत होती. हात्सुए तिच्या तोंडाकडे बघत होती, घास आत जातो, गाल हलतो, गळा हलतो, ते सगळं बघत होती, पापणी न हलवता.

दारात चिहारु आली. “एगुचीकाकू, सगळे बसमध्ये बसलेत, तुम्हीच राहिलात...” आणि ती थबकली.

“ही माझी धाकटी बहीण आहे,” हात्सुए मान न वळवता म्हणाली. “जेवतेय. तुमची बस जाऊ दे.”

“बहीण? पण तुमची बहीण तर...”

“तीच.”

चिहारु वाकून नमस्कार करून हळूच दार ओढून गेली. थोड्या वेळाने बस उतारावरून जाण्याचा आवाज आला. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

तामायोने शेवटचा घोट घेतला आणि वाडगं खाली ठेवलं. हात्सुएने ते उचललं. आत बघितलं, उजेडाकडे तिरकं धरून पुन्हा बघितलं. तळाला काही नव्हतं. ‘अजून वाढू?’ असं विचारायला तिने तोंड उघडलं, पण विचारता येईना. ते रिकामं वाडगं छातीशी धरून ती लहान मुलासारखी मोठ्याने रडायला लागली, आणि तामायोने उठून पळीने स्वतःच्या हाताने दुसरं वाडगं भरून घेतलं.